भूकंपाचा तिसरा आकडा

पाटण तालुक्यातल्या भूकंपाची बातमी ठरलेल्या साच्यात येते. कोयना परिसराला सौम्य धक्का, तीव्रता 3 रिश्टरच्या आसपास, केंद्रबिंदू हेळवाकच्या अमुक दिशेला अमुक किलोमीटरवर, जीवित वा वित्तहानी नाही, धरण सुरक्षित. या सगळ्यात एक लहानसा आकडा अंग चोरून बसलेला असतो: खोली 7 किलोमीटर, कधी 9, कधी 5. ‘धरण सुरक्षित’ एवढं वाचून कराड-पाटणची माणसं पान उलटतात. त्यांचं चुकत नाही, साठ वर्षं हीच बातमी वाचत आलेत लोक. मला मात्र गेली काही वर्षं त्या खोलीच्या आकड्याचा नाद लागला आहे. किती हललं ते तीव्रता सांगते, कुठे हललं ते केंद्रबिंदू सांगतो, पण का हललं याचा माग काढायचा तर खोलीपासूनच सुरुवात करावी लागते.

मी कराडला अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. भूकंपाचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “मॅडम, जेवढा खोल तेवढा मोठा, असं असतं ना?” प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्यामागे हात धुऊन लागलं की कोयनेपासून बोलिव्हियापर्यंत जावं लागतं, आणि परत यावं लागतं ते आपल्याच पायाखालच्या पाण्याशी.

आधी मोजमाप. जमिनीखाली 70 किलोमीटरपर्यंत होणाऱ्या भूकंपांना उथळ म्हणतात, 70 ते 300 पर्यंतचे मध्यम, आणि 300 पासून सुमारे 700 पर्यंतचे खोल. त्याच्याखाली पृथ्वी भूकंपाच्या दृष्टीने गप्पच असते. कोयना-वारणेचे बहुतेक सगळे भूकंप पहिल्या 10 किलोमीटरांत होतात. कराडहून पाटणला निघालेल्या एसटीने पहिला टप्पाही नीट ओलांडला नसेल एवढंच हे अंतर, फक्त खाली. सर्वांत खोल भूकंप होतात ते अंतर मात्र साताऱ्याहून सरळ रेषेत नागपूरला जावं जवळजवळ तेवढं.

हा आकडा काढतात कसा? भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. प्राथमिक लहर वेगाने पुढे येते, दुय्यम लहर मागून येते, आणि दोघींमधल्या वेळेवरून अंतर कळतं. जवळपास पुरेशी भूकंपमापन केंद्रं असतील तरच खोली नेमकी सांगता येते. नसतील तर कित्येकदा गणितात 10 किलोमीटर ही खोली गृहीतच धरतात. म्हणून जगभरच्या भूकंपांच्या याद्यांत हा 10 चा आकडा इतका वारंवार दिसतो. कोयनेचं तसं नाही. इथे 1960 च्या दशकापासून उपकरणं बसत गेली आणि आज या लहानशा टापूभोवती त्यांचं दाट जाळं आहे. आपल्या बातमीतला 5 किंवा 9 हा खरोखर मोजलेला आकडा असतो, आणि मला वाटतं त्याकडे आपण जरा आदराने पाहायला हवं.

11 डिसेंबर 1967. सोमवारची पहाट, 4 वाजून 21 मिनिटं. माझी आत्या तेव्हा हेळवाकजवळच्या वाडीवर होती, बारा-तेरा वर्षांची. तिच्याकडून हा प्रसंग मी अनेकदा ऐकला आहे आणि दरवेळी ती हाताने तीच खूण करते, तळवा उताणा करून खालून झटका दिल्यासारखी. “आडवं न्हाई गं हललं पैल्यांदा. खालनं वर उचाललं. आन् मग भित आली.” मध्ये किती वेळ गेला असं विचारलं की ती म्हणते, “मदी येळ व्हताच कुठं?”

तिला लहरींबद्दल काही ठाऊक नाही, पण तिने सांगितलं ते शास्त्राला धरून आहे. भूकंपाची नाभी, म्हणजे खाली जिथून तो सुरू होतो ती जागा, पायाखाली पाच-सहा किलोमीटरवर असली की प्राथमिक लहर जवळजवळ सरळ वर येते आणि माणसाला उचलते, आणि आडवं हलवणारी दुय्यम लहर पुऱ्या एका सेकंदाचीही उसंत न देता मागोमाग पोचते. तोच भूकंप 200 किलोमीटरवरच्या मुंबईत जाणवला तेव्हा दोन लहरींमध्ये वीसहून जास्त सेकंद होते. तिथल्या माणसाला अंथरुणात उठून बसायला, ‘काय झालं’ म्हणायला वेळ मिळाला असेल. कोयनानगरला तो मिळाला नाही. भूकंप उथळ असणं म्हणजे काय, ते या एका फरकात दिसतं.

त्या पहाटे सुमारे 180 माणसं गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. तीव्रता 6.3 होती, काही नोंदींत 6.5 आहे. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात, जिथे तिचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे तिला मागून टेकू देऊन ती बळकट करण्यात आली. धरणातच बसवलेल्या एका यंत्राने हादऱ्याची नोंद केली. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 63 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. ती नोंद आज जगभरचे स्थापत्य अभियंते काँक्रीटच्या धरणांचं गणित तपासायला वापरतात. कोयना हे नाव दूरदेशीच्या अभियंत्याला माहीत असतं ते या आलेखामुळे. ज्या पहाटेने तो आलेख काढला ती पहाट कशी होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, अचल भूमी अशीच समजूत होती. देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. 1970 च्या सुधारित नकाशात कोयना थेट चौथ्या पट्ट्यात गेली.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. खोल म्हणजे मोठा का? 26 ऑक्टोबर 2015 ला हिंदुकुशात 7.5 तीव्रतेचा भूकंप झाला, 200 किलोमीटरहून जास्त खोलीवर. काबूलपासून दिल्लीपर्यंत लोक घराबाहेर धावले, आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानात मिळून तीनशेहून अधिक माणसं दगावली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत झालेला भूकंप 6.2 चा होता, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात हिंदुकुशच्या सुमारे नव्वदाव्या हिश्शाइतका. पण तो जमिनीखाली थोड्याच किलोमीटरांवर झाला, आणि गाढ झोपेतली हजारो माणसं माळवदांखाली गाडली गेली. 1994 च्या जून महिन्यात बोलिव्हियाखाली सुमारे 630 किलोमीटरवर 8.2 चा भूकंप झाला. त्याचा हादरा पार कॅनडातल्या टोरांटोत जाणवला, पण मनुष्यहानी अगदी थोडी. ऊर्जा वर येईपर्यंत अफाट विस्तारावर पसरते, विरळ होते. खोल भूकंप लांबवर जाणवतो, उथळ भूकंप जवळच्याला मारतो. वर्गात मी हे असंच सांगते, आणि सांगताना बाकावर बसलेल्या पाटणच्या, मोरगिरीच्या, ढेबेवाडीच्या मुलांकडे पाहते.

पण एवढ्या खोलीवर भूकंप होतोच कसा? यावर मी बरंच वाचलं आणि अजूनही त्याचं आश्चर्य ओसरलेलं नाही.

1928 साली जपानच्या कियो वादाती यांनी पक्क्या पुराव्यानिशी दाखवलं की काही भूकंप जमिनीखाली शेकडो किलोमीटरांवर होतात. तोवर बहुतेकांना ते अशक्य वाटत होतं, आणि त्यामागे कारणही होतं. भूकंप म्हणजे कातळ फुटणं, किंवा आधीच फुटलेल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून झटक्याने घसरणं. जमिनीत खाली जावं तसं वरच्या दगडाचं ओझं वाढतं आणि भेग अधिकाधिक घट्ट आवळली जाते. उष्णताही वाढते. एका मर्यादेनंतर तापलेला कातळ तुटत नाही, ताण आला की तो सावकाश आकार बदलतो, वाहतो. 600 किलोमीटरवर दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या 2 लाख पट असतो. तिथे कशावरून काय घसरणार?

तरी घसरतं. पण कुठेही नाही, जिथे समुद्राच्या तळाचा थंड, जड भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा अवाढव्य तुकडा) दुसऱ्या भूपट्टाखाली शिरून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, उतरत जातो तिथेच. जपान, टोंगा, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. हा भूपट्ट समुद्राखाली कोट्यवधी वर्षं भिजलेला असतो. त्याच्या खडकात पाणी शिरून सर्पेंटाइनसारखी खनिजं तयार झालेली असतात, ज्यांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. भूपट्ट खाली जाताना तापतो, ही खनिजं मोडतात आणि अडकलेलं पाणी सुटतं. ते सुटलेलं पाणी भेगांना आतून रेटतं, आवळलेली पकड सैल होते आणि ताणलेला खडक निसटतो. मध्यम खोलीच्या बऱ्याच भूकंपांचं कारण आज असं सांगितलं जातं.

त्याहून खाली, 400 किलोमीटरच्या पलीकडे, एकट्या पाण्याने भागत नाही. तिथे ऑलिव्हीन नावाचं हिरवट खनिज दाबाखाली आपली रचना बदलून अधिक घट्ट रूप घ्यायला लागतं. उतरत्या भूपट्टाचा गाभा थंड असल्यामुळे हा बदल वेळेवर होत नाही, लांबतो, आणि मग कधीतरी पातळ पापुद्र्यांत एकदम होतो. त्या पापुद्र्यांवरून खडक घसरतो. घसरणीच्या उष्णतेने पुढचा खडक मऊ होऊन ती आणखी वेग घेते, असंही एक मत आहे. या दोहोंपैकी कुठे काय चालतं यावर अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. पण 660 किलोमीटरच्या आसपास ऑलिव्हीनची ही रूपांतरं संपतात आणि 700 च्या पुढे भूकंपही संपतात, हा मेळ मला फार बोलका वाटतो.

या वाचनाने माझ्या मनात एक गोष्ट पक्की रुजवली. दगडावर ताण आहे एवढ्याने भूकंप होत नाही. ताण तर जवळपास सगळीकडे आहे. ओझ्याने घट्ट आवळलेली भेग सुटते कशी, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक खोलीवर त्याचं उत्तर निराळं आहे, आणि कोयनेच्या पाच किलोमीटरवर ते उत्तर पुन्हा पाणीच आहे.

कोयनेचा जलाशय 1961-62 पासून भरू लागला. लगोलग आसपासच्या गावांत बारीक हादरे जाणवू लागले आणि सुरुंग उडाल्यासारखे आवाज यायला लागले. उथळ भूकंप असा ऐकू येतो. त्या भागातले जुने लोक आजही आधी आवाजाबद्दल बोलतात, मग हलण्याबद्दल. सप्टेंबर 1967 मध्ये 5 च्या वरचा एक धक्का बसला आणि डिसेंबरात तो मोठा.

आता एक हिशेब मांडते, कारण सगळी गोम त्यात आहे. धरणाची नदीपात्रापासूनची उंची सुमारे 85 मीटर. म्हणजे जलाशय काठोकाठ भरला तरी तळावर पाण्याचा जास्तीचा दाब पडतो तो हवेच्या दाबाच्या फार तर आठ-साडेआठ पट. पाच किलोमीटर खाली नुसत्या दगडाच्या ओझ्याने जो दाब असतो तो सुमारे 1300 पट. आठापुढे तेराशे. 105 टीएमसी पाणी ऐकायला केवढं मोठं वाटतं, पण त्या कातळापुढे त्याचं वजन नगण्य आहे. एवढ्याशा दाबाने अखंड कातळ फुटणं शक्य नाही.

म्हणून तो आधीच फुटण्याच्या बेतात असला पाहिजे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण इतक्या दूर दख्खनच्या पोटातही साठतो. कोयनेखाली उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशी जुनी भेग आहे, तिच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकू पाहतात. ती भेग सुटायला फार थोडं हवं होतं. जलाशयातून झिरपणारं पाणी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पाण्याचा दाब, भेगांच्या जाळ्यातून हळूहळू खाली पोचला. पाण्याने दगड विरघळवला नाही की झिजवला नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्याने आतून किंचित दूर रेटलं, बस.

कढत आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कधीकधी कुणी हात न लावता सरकते, ते आठवा. वाटीच्या बुडाच्या कडेखाली कोंडलेली हवा तापते, फुगते, वाटीचं थोडंसं वजन स्वतःवर घेते. वाटी तेवढीच जड, ओट्याचा उतारही तोच, पण पकड गेली. भेगेतल्या पाण्याचं काम तसंच.

याची खात्री अमेरिकेत एका विचित्र रीतीने झाली. डेन्व्हरजवळ लष्कराने 1962 मध्ये साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत रासायनिक कारखान्याचं सांडपाणी दाबाने सोडायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात तिथे भूकंप सुरू झाले. 1966 मध्ये पाणी सोडणं थांबवलं. तरी तिथले सर्वांत मोठे धक्के 1967 मध्ये बसले, पाणी बंद झाल्यावर वर्षाने. दाबाला पोचायला वेळ लागतो, आणि पोचला की तो आपल्या सोयीने माघारी येत नाही. नंतर कोलोरॅडोतच रँजली इथल्या तेलक्षेत्रात संशोधकांनी मुद्दाम दाब वाढवून आणि कमी करून पाहिला, आणि भूकंप वाढले, कमी झाले. ज्या वर्षी डेन्व्हर हललं त्याच वर्षी कोयनाही हलली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

ही दिरंगाई आपल्याकडे ऋतुचक्रात दिसते. जून-जुलैत सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, नवजा आणि कोयनानगरचे आकडे रोज पेपरात येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात जलाशय भरतो. हादऱ्यांचं प्रमाण सप्टेंबरच्या सुमारास वाढतं, आणि पुन्हा हिवाळ्यात. डिसेंबर 1967 चा भूकंप पाऊस संपल्यावर एवढ्या दिवसांनी का, याचं उत्तर यात आहे. पाण्याची पातळी किती झपाट्याने चढली, आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेली का, उंच पातळीवर किती काळ राहिली, हे सगळं हिशेबात धरावं लागतं. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता यांनी या संबंधावर आयुष्यभर काम केलं, आणि जलाशयामुळे सुरू झालेल्या भूकंपांचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून जगात कोयनेचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः त्यांच्या अभ्यासामुळे.

पुढे 1985 पासून दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या हद्दीवर चांदोलीला वारणेचा जलाशय भरायला लागला. 1993 पासून भूकंपांचा टापू तिकडे सरकला, पसरला. जणू कुणी प्रयोग पुन्हा करून पडताळून पाहिला. 1967 नंतर या लहानशा क्षेत्रात 5 च्या वरचे वीसेक धक्के बसले आहेत. 1973, 1980, 2000, 2005 ही सालं इथल्या माणसांना तोंडपाठ आहेत. 4 च्या वरचे तर दोनशेच्या घरात.

मग धरण दोषी की पृथ्वी? पाटणच्या पारावर हा वाद मी लहानपणापासून ऐकला आहे. एक बाजू म्हणते धरण नसतं तर काही झालं नसतं. दुसरी म्हणते भूकंप निसर्गाचा, धरणाला कशाला बोल लावता, त्याच धरणाने घरात दिवा दिला. अभ्यासकांनी निवडलेली भाषा सावध असते. जलाशयाने भूकंप घडवला असं ते म्हणत नाहीत, ताण साठलेलाच होता, जलाशय निमित्त झाला असं म्हणतात. शास्त्र म्हणून ते मला पूर्ण पटतं, आठ आणि तेराशेचा हिशेब तेच सांगतो.

तरी निमित्त हे लहान कारण आहे असं मी मानत नाही. तो ताण धरणाविना आणखी किती शतकं तसाच बसून राहिला असता हे कुणाच्याच हातात मोजायला नाही. ज्यांच्या डोक्यावर भिंत आली त्यांच्या दृष्टीने तो त्या पहाटे सुटला हे महत्त्वाचं. यातली बरीच कुटुंबं अशी होती की खोऱ्यातली भातशेती त्यांनी पाण्याखाली जाऊ दिली होती. आधी जमीन गेली, मग घर. इथे भूकंपग्रस्ताचा दाखला असतो, सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांना जागा असतात. त्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत चकरा घालणाऱ्या नातवंडांना आजोबांच्या घराखाली नेमकं काय झालं ते कुणी समजावून सांगत नाही. दोन्ही अर्धी कारणं त्यांना माहीत असायला हवीत: कातळातला ताण कुणाचा नव्हता, पण पाणी माणसांनी अडवलं होतं, त्याची वीज राज्याने वापरली आणि आजही वापरतं. हे कळल्याने कुणाला शिक्षा होणार नाही. पण या खोऱ्याकडे राज्य काही देणं लागतं, हे त्यातून स्पष्ट होतं.

आता तर त्या भेगेच्या दिशेने माणूस स्वतःच खाली उतरू लागला आहे. कराडमध्ये केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, खास या कामासाठी उभारलेली. आधी कोयना-वारणा भागात सुमारे दीड-दीड किलोमीटरची अनेक छिद्रं घेतली गेली. मग पाटण तालुक्यातल्या गोठणे इथे डिसेंबर 2016 मध्ये मोठं काम सुरू करून 2017 च्या जूनपर्यंत 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. पहिले साधारण 1250 मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. आणि त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. म्हणजे सह्याद्रीचा जो काळा कातळ आपण अढळ समजतो तो नुसतं वरचं पांघरूण आहे, आणि भूकंप होतात ते त्या प्राचीन ग्रॅनाइटमध्ये. भेगांजवळ उपकरणं ठेवून तिथला ताण, उष्णता, पाण्याचा दाब भूकंपाच्या आधी आणि नंतर मोजायचा, हा पुढचा हेतू आहे. भूकंप होतो तिथेच कान लावून बसण्यासाठी कोयना जगातल्या मोजक्या चांगल्या जागांपैकी एक आहे, कारण तो उथळ आहे, लहानशा टापूत आहे आणि परत परत होतो. सहाशे किलोमीटरवर कुणी पोचणार नाही, पण इथे आपण अर्ध्याहून जास्त वाट उतरलो आहोत.

छिद्र पाडल्याने भूकंप होईल का, असं पोरं विचारतात, त्यांच्या घरची मोठी माणसंही विचारतात. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ज्या गावाने एका मोठ्या प्रकल्पानंतर जमीन हलताना पाहिली, त्याने दुसऱ्या प्रकल्पाकडे संशयाने पाहणं रास्त आहे. जलाशयाचं पाणी शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर वर्षानुवर्षं दाब देत राहतं, आणि हे छिद्र वीतभर रुंदीचं, मोजण्यासाठीचं, त्यात डेन्व्हरसारखं दाबाने काही सोडत नाहीत, एवढा फरक मी सांगते. पण हे मी वर्गात सांगण्यापेक्षा गावाच्या सभेत अभ्यासकांनी मराठीत सांगावं, वारंवार सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि घरं. उथळ भूकंपाविषयी जेवढं कळतं त्यातून हातात येणारी गोष्ट अखेर तीच. सेकंदभराची उसंत नसेल तर पळून जाण्याच्या सूचनांना काही अर्थ उरत नाही, घरानेच उभं राहायला हवं. 1967 मध्ये पडलेल्या घरांच्या भिंती डबर आणि मातीच्या होत्या, दीड-दोन फूट जाड, आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारा आरपार दगड नसलेल्या. हादऱ्यात भिंतीची दोन्ही पानं फाटून वेगळी झाली आणि वरचे वासे-कौलं खाली आली. आता पाटणच्या रस्त्याला सगळं काँक्रीट दिसतं, पण मला त्यातही काळजी वाटते. खाली दुकानांचे गाळे काढायचे म्हणून तळमजल्याला भिंतीच नाहीत, नुसते बारीक खांब आणि शटर, आणि वर दोन मजले विटांनी भरलेले. आडवा हादरा आला की सगळा भार त्या खालच्या खांबांच्या डोक्यावर येतो.

माझा चुलतभाऊ पाटणला असंच घर बांधतो आहे, खाली दोन गाळे, वर राहायला. गेल्या महिन्यात त्याच्याकडे बसून मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “अगं ताई, आपल्याला ठेकेदाराने सांगितलंय, सळई भरपूर टाकतो म्हणून.” मी म्हटलं, सळई किती यापेक्षा खांबाच्या वर आणि खाली, जिथे तो तुळईला मिळतो तिथे, रिंगा किती जवळ बांधल्यात ते बघ, आणि त्या रिंगांची टोकं आत वळवलीत का ते बघ. मागच्या बाजूला दोन्ही गाळ्यांच्या मध्ये एक भिंत पूर्ण काँक्रीटची घ्यायला सांग, वरपर्यंत. गाळा चार फुटांनी लहान होईल. चार फूट म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण वहिनींनी मध्येच विचारलं, भिंतीचा खर्च किती येईल. आत्या तिथेच बसली होती. तिने खर्चाचं काही ऐकून घेतलं नाही, “घे म्हनती त घे की रं,” एवढंच म्हणाली. खालचे खांब अजून भरायचे आहेत, रिंगा बांधून झाल्या की काँक्रीट ओतायच्या आधी फोन करायला मी त्याला सांगून ठेवलं आहे.